गाठीचे नाव काय?

फळ्यावर कंस काढत काढत आपण वर्गीकरण शिकवतो. वनस्पतींचे दोन गट, प्रत्येक गटाचे पुन्हा दोन, असे करत शेवटच्या फांदीवर आंबा किंवा नेचे येऊन बसते. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "पण सर, हे गट पाडून मिळते काय?" 'अभ्यास सोपा होतो' हे आपले ठरलेले उत्तर. ते खोटे नाही, पण त्याने कोणाचे समाधान होत नाही. या लेखात आपण वर्गीकरणाचे असे एक क्षेत्र पाहणार आहोत, जिथे वस्तू चुकीच्या कप्प्यात पडली तर केवळ गुण जात नाहीत. एखाद्याचा हात जाऊ शकतो, क्वचित प्राणही जाऊ शकतो. हे क्षेत्र म्हणजे मृदू ऊतींमधील गाठींचे निदान.

प्रथम मृदू ऊती म्हणजे काय ते पाहू. शरीरावरची त्वचा, आतली हाडे आणि यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांसारखी इंद्रिये बाजूला ठेवली, तर जे भरण आणि बांधणी उरते तिला ढोबळमानाने मृदू ऊती म्हणतात. चरबी, स्नायू, स्नायुरज्जू, स्नायूंवरचे तंतुमय पडदे, रक्तवाहिन्या आणि हातापायांत पसरलेल्या चेता या सर्वांचा तीत समावेश होतो. यांपैकी कोणत्याही ऊतीत गाठ होऊ शकते. बहुतेक घरांत पाठीवर किंवा दंडावर मऊ, बोटाने हलणारी गाठ असलेले एखादे काका असतातच. ती चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा. ती वर्षानुवर्षे तिथेच राहते आणि सहसा काही त्रास देत नाही.

अशा निरुपद्रवी गाठींना सौम्य म्हणतात. याउलट ज्या गाठी आजूबाजूच्या भागात घुसतात, रक्तावाटे फुप्फुसात किंवा इतरत्र जाऊन रुजतात, त्या मारक. मृदू ऊतींच्या मारक गाठींना सार्कोमा म्हणतात; मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून हे नाव आले. स्तन, तोंड, जठर यांच्या नेहमी ऐकू येणाऱ्या कर्करोगांपैकी बहुतेक अभिस्तर ऊतीतून निघतात. त्यांना कार्सिनोमा म्हणतात. आपण बोलताना दोन्हींना कर्करोगच म्हणतो, पण त्यांची घराणी वेगळी. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत सार्कोमाचा वाटा सुमारे एक टक्का आहे. मुलांमध्ये तो बराच अधिक असतो. मृदू ऊतींच्या साधारण शंभर सौम्य गाठींमागे एखादीच मारक निघते. अडचण एवढीच, की या दोन्हींचे मिळून शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतले कित्येक एकमेकांसारखे दिसतात.

दोन गाठी

समजा, आपल्यासमोर दोन रुग्ण आहेत. दोघेही कल्पित, पण अशा जोड्या या क्षेत्रातल्या प्रत्येक डॉक्टरच्या परिचयाच्या असतात.

पहिला पंचविशीतला तरुण. कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, त्वचेखाली त्याला गाठ लागली. तीन आठवड्यांत ती सुपारीएवढी झाली. हात लावला की दुखते.

दुसरी त्याच वयाची तरुणी. गुडघ्याच्या थोडे वर, मांडीत खोलवर एक गाठ आहे. ती दोन वर्षांपासून आहे. फार सावकाश वाढत आता मोठ्या लिंबाएवढी झाली आहे. दुखत नाही, चालायला अडचण नाही.

शिक्षकांच्या खोलीत मत घेतले, तर बहुतेक जण पहिल्याची काळजी करतील. तीन आठवड्यांत वाढली, दुखते, म्हणजे वाईटच असणार. दुसरी दोन वर्षे गप्प आहे, म्हणजे ती साधी असणार. हा तर्क चुकीचा का ठरू शकतो, ते पाहण्यासाठी या गाठींबरोबर प्रयोगशाळेत जावे लागेल.

बरणीपासून काचपट्टीपर्यंत

गाठीतला तुकडा सुईने किंवा छोट्या छेदातून काढतात, तेव्हा तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक ठेवलेल्या बरणीत असते तेच हे द्रावण. ऊतींना स्थिर करण्यासाठी त्याचा उपयोग जर्मनीत फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये दाखवून दिला. फॉर्मॅलिन प्रथिनांचे रेणू एकमेकांशी जखडते. त्यामुळे पेशी कुजत नाहीत आणि त्यांचा आकारही टिकतो. तुकडा नुसत्या पाण्यात पाठवला, तर पेशी फुगतात, फुटतात आणि पुढचे सारे कष्ट वाया जातात.

नंतर तुकड्यातले पाणी अल्कोहोलने काढून घेतात आणि त्या जागी वितळलेले पॅराफिन मेण भरतात. मेण गार झाले की ठोकळा तयार होतो. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे सुमारे ४ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे हा काप आपल्या केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याइतका पातळ झाला. पण तो जवळजवळ रंगहीन असतो, म्हणून दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलीन हा रंग मध्य अमेरिका आणि मेक्सिको भागातल्या एका झाडाच्या लाकडातून मिळतो. तुरटीच्या जातीच्या क्षाराबरोबर तो धनभारित होतो आणि केंद्रकातल्या आम्लधर्मी डीएनएला चिकटून त्याला निळाजांभळा करतो. दुसरा रंग इओसिन. तो पेशीद्रव आणि तंतू गुलाबी करतो. शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरच्या प्रयोगशाळांत हीच निळी-गुलाबी जोडी वापरली जाते आणि आजही निदानाची सुरुवात तिच्यापासूनच होते.

डोळ्यांची फसगत

आता आपल्या दोन काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू या.

पहिल्या तरुणाच्या गाठीत पेशींची नुसती धांदल दिसते. चातीसारख्या, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळत्या पेशी वाटेल तशा विखुरल्या आहेत. ठिकठिकाणी पेशीविभाजन चालू आहे. मधूनच रक्ताच्या लाल पेशी सांडल्या आहेत. कडा रेखीव नाहीत. गाठ शेजारच्या चरबीत शिरल्यासारखी दिसते.

दुसऱ्या गाठीत मात्र शिस्त आहे. चातीच्याच आकाराच्या पेशी, पण सगळ्या एकसारख्या, एकमेकींना लागून, लांब जुडग्यांत मांडलेल्या. केंद्रकांचे आकार वेडेवाकडे नाहीत.

इथेही आपले मत पहिल्या गाठीविरुद्धच जाईल. आणि इतिहासात खरोखर तसेच झाले आहे. पहिली गाठ आहे ती नोड्युलर फॅसायटिस, म्हणजे स्नायूंवरील तंतुमय पडद्याची गाठ. ती पूर्णपणे सौम्य असते. काही आठवडे वेगाने वाढते, मग थांबते आणि काढली नाही तरी पुष्कळदा आपोआप विरते. १९५५ मध्ये अमेरिकेतील कॉनवालर, कीस्बी आणि कॅप्लन यांनी तिचे प्रथम वर्णन केले, तेव्हा 'सार्कोमाचा आभास निर्माण करणारी' या अर्थाचेच नाव तिला दिले. तिची ओळख पटण्यापूर्वी अशा गाठींना सार्कोमा समजून नको तितकी मोठी शस्त्रक्रिया होण्याचा धोका होता. ओळख पटली नाही तर तो आजही असतो.

दुसरी शिस्तबद्ध गाठ आहे सायनोव्हियल सार्कोमा. ती मारक आहे. ती वर्षानुवर्षे सावकाश वाढू शकते, तरुणांमध्ये आणि गुडघ्याच्या आसपास अधिक आढळते, आणि उपचार न झाल्यास फुप्फुसांत पसरू शकते.

म्हणजे वेग, वेदना, पेशींची गर्दी, विभाजनांची संख्या यांपैकी कोणतेही एक लक्षण धरून कप्पा ठरवता येत नाही. देवमासा पाण्यात पोहतो म्हणून त्याला मत्स्यवर्गात टाकण्यासारखेच ते होईल. मग कसोटी कोणती लावायची?

कुळाचा शोध

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८५८ मध्ये पेशींच्या विकृतिशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्रत्येक पेशी पेशीपासूनच जन्मते हे तत्त्व रोगांनाही लावले. त्यावरून गाठींच्या वर्गीकरणाचा सरळ मार्ग दिसू लागला. गाठ ज्या पेशीपासून निघाली तिचे नाव गाठीला द्यायचे. चरबीची ती लायपोमा किंवा लायपोसार्कोमा, स्नायूची ती मायोमा किंवा मायोसार्कोमा.

पण पेशी पुरती बिघडली की मूळचे रूप गमावून बसते. गणवेश उतरवलेल्या मुलांच्या घोळक्यात कोण कोणत्या शाळेचा, हे केवळ पाहून कसे सांगणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विकृतितज्ज्ञाकडे नजर आणि अनुभव याखेरीज फारसे साधन नव्हते.

नवे साधन प्रतिपिंडांच्या रूपाने आले. शरीर एखाद्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड बनवते, तेव्हा तो प्रतिपिंड कुलपाला किल्ली बसावी तसा त्याच प्रथिनाला चिकटतो. १९४१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून तो ऊतीत कुठे बसतो हे पाहण्याची युक्ती काढली. १९७० च्या दशकात हीच पद्धत फॉर्मॅलिन आणि मेणातून गेलेल्या कापांवरही वापरता येऊ लागली. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचा प्रतिपिंड हवा तितका तयार करण्याची रीत शोधली. १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांना यासाठी विभागून मिळाले. त्यानंतर गाठीला प्रश्न विचारणे शक्य झाले. तुझ्यात डेस्मिन आहे का? असेल, तर स्नायूकडचे नाते संभवते. एस-१०० प्रथिन आहे का? तर चेतांच्या आवरणातल्या पेशींचा विचार करावा. केराटिन आहे का? ते तर अभिस्तर पेशींचे प्रथिन.

आपल्या दोन गाठींनाही हे प्रश्न विचारता येतात. पहिलीत केराटिन नाही, डेस्मिन सहसा नाही. जखम भरून येताना सक्रिय होणाऱ्या तंतुजनक पेशींत आढळते ते ॲक्टिन मात्र आहे. दुसरीत केराटिन इथेतिथे ठिपक्यांसारखे सापडते. सार्कोमात अभिस्तराचे प्रथिन कसे, हे पाहून आपण चकित होतो. पण सायनोव्हियल सार्कोमाचा हाच विशेष आहे. तिच्या नावाचीही गंमत आहे. सायनोव्हियम म्हणजे सांध्याच्या आतले अस्तर. गाठ सांध्याजवळ होते आणि दिसायला थोडी त्या अस्तरासारखी, म्हणून हे नाव पडले. पुढे समजले की त्या अस्तराशी तिचा संबंध नाही. नाव मात्र राहून गेले.

एका नावाचा उदय आणि अस्त

चुकीचे नाव काय घोटाळा करू शकते, याचे मोठे उदाहरण याच क्षेत्रात आहे. न्यूयॉर्कमधील आर्थर पर्डी स्टाउट हे मृदू ऊतींच्या गाठींचे नामवंत अभ्यासक होते. काही गाठींच्या पेशी काचपात्रात वाढवल्या असता त्या शरीरातल्या भक्षक पेशींसारख्या, म्हणजे हिस्टिओसाइटसारख्या वागतात, असे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले. त्या निरीक्षणावरून १९६० च्या दशकात 'मॅलिग्नंट फायब्रस हिस्टिओसायटोमा' हे नाव रूढ झाले. ओबडधोबड, राक्षसी केंद्रकांच्या आणि कोणत्याच कुळाची खूण न दाखवणाऱ्या गाठींना हे नाव सोयीचे वाटले. १९७० आणि १९८० च्या दशकांत तर प्रौढांमधील मृदू ऊतींच्या सार्कोमांत हेच निदान सर्वाधिक दिले जाऊ लागले.

पुढे प्रतिपिंडांची कसोटी आली आणि शंका वाढू लागल्या. या पेशी हिस्टिओसाइट असल्याचा पुरावा सापडेना. १९९२ मध्ये ख्रिस्तोफर फ्लेचर यांनी अशा १५९ गाठी पुन्हा काळजीपूर्वक तपासल्या. निम्म्याहून अधिक गाठी दुसऱ्याच कोणत्या तरी ठरावीक प्रकारच्या सार्कोमा निघाल्या. काही तर सार्कोमाच नव्हत्या. कार्सिनोमासारखे वेगळ्या कुळातले कर्करोग त्या कप्प्यात येऊन पडले होते. थोडक्यात, हा एक प्रकार नव्हता, तर ज्याची ओळख पटत नाही ते टाकायची ती अडगळीची खोली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या वर्गीकरणात या नावाचे महत्त्व कमी केले गेले आणि २०१३ च्या आवृत्तीत ते गळाले. उरलेल्या, सर्व तपासण्यांनंतरही कूळ न सांगणाऱ्या गाठींना आता 'अविभेदित' असे प्रांजळ विशेषण लावतात.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. त्या खोलीतून बाहेर काढलेल्या गाठींपैकी ज्यांत स्नायूच्या खुणा निघाल्या, त्या शरीरात अधिक पसरणाऱ्या ठरल्या. म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळ्या भवितव्यांचे रुग्ण एकत्र मोजले जात होते.

जनुकांची साक्ष

१९८० च्या दशकात आणखी एक दार उघडले. काही सार्कोमांच्या पेशींत गुणसूत्रांचे तुकडे तुटून भलत्याच ठिकाणी जोडलेले आढळू लागले. सायनोव्हियल सार्कोमात एक्स आणि १८ या क्रमांकाच्या गुणसूत्रांत अशी अदलाबदल असते. १९९४ मध्ये त्यातली जनुकेही सापडली. १८ व्या गुणसूत्रावरचे एसएस१८ हे जनुक एक्सवरच्या एसएसएक्स जनुकाला जोडले जाते आणि त्या जोडजनुकापासून एक विचित्र प्रथिन तयार होते. ते पेशीतल्या इतर जनुकांचा कारभार बिघडवते. ही जोडणी जवळजवळ प्रत्येक सायनोव्हियल सार्कोमात असते आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर गाठींत नसते.

ती कशी पाहतात? एसएस१८ जनुकाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या रंगांचे चमकणारे टिळे लावतात, समजा एक लाल आणि एक हिरवा. जनुक अखंड असेल, तर दोन्ही टिळे शेजारी दिसतात. जनुक तुटून दुसरीकडे गेले असेल, तर लाल एकीकडे आणि हिरवा दुसरीकडे. फळ्यावर दोन रंगी खडूंनी हे पाच मिनिटांत समजावता येईल.

आणि पहिली, आपोआप विरणारी गाठ? तिच्यातही २०११ मध्ये एक जोडजनुक सापडले: २२ व्या गुणसूत्रावरचे एमवायएच९ आणि १७ व्यावरचे यूएसपी६ यांचे. तोवर ही गाठ म्हणजे मार बसल्यावर ऊतीने दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया आहे असे मानत. आता दिसते की तीही एका जनुकीय अपघाताने सुरू होते, पण काही काळाने स्वतःच थांबते. जोडजनुक सापडले म्हणजे कर्करोगच, हे समीकरणही या गाठीने मोडले. कोणते जनुक, कोणत्या गाठीत, हे पाहावेच लागते.

आधी नाव, मग गुण

नाव ठरल्यावर सार्कोमाची श्रेणी ठरवतात. फ्रान्समधील कर्करोग केंद्रांनी १९८० च्या दशकात तयार केलेली पद्धत आज सर्वत्र वापरली जाते. ती गणिताच्या तासालाही चालेल अशी आहे. पेशी मूळ ऊतीपासून किती दुरावल्या यासाठी १ ते ३ गुण. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या विवर्धनाच्या दहा क्षेत्रांत विभाजने मोजायची. ९ पर्यंत असल्यास १, १० ते १९ असल्यास २, २० किंवा अधिक असल्यास ३ गुण. गाठीतला मृत भाग मुळीच नसेल तर ०, निम्म्यापर्यंत कमी असेल तर १, त्याहून अधिक असेल तर २. बेरीज २ किंवा ३ आली तर पहिली श्रेणी, ४ किंवा ५ ला दुसरी आणि ६ ते ८ ला तिसरी, म्हणजे सर्वांत आक्रमक.

आपल्या तरुणीची गाठ घेऊ. सायनोव्हियल सार्कोमाला पहिल्या निकषाचे ३ गुण ठरलेलेच असतात. समजा विभाजने ७ दिसली, तर १ गुण. मृत भाग नाही, म्हणून ०. एकूण ४, दुसरी श्रेणी. आता विद्यार्थ्यांना विचारा, पहिल्या तरुणाच्या गाठीला किती गुण? विभाजने पुष्कळ असल्याने कोणी उत्साहाने मोजायला बसेल. खरे उत्तर असे, की तिला गुण द्यायचेच नाहीत. ही मोजपट्टी फक्त सार्कोमासाठी आहे. नाव चुकले तर बिनचूक बेरीजही निरर्थक ठरते.

नाव बदलले, उपचार बदलला

जठर आणि आतड्यांच्या भिंतीतील काही गाठींना पूर्वी अनैच्छिक स्नायूंच्या गाठी समजत. १९८३ मध्ये त्यांना वेगळे काढून आतड्याच्या आधार-ऊतीच्या गाठी असे तटस्थ नाव दिले गेले; इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'जिस्ट' म्हणतात. १९९८ मध्ये जपानमधील हिरोटा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की यांतल्या बहुतेकांत किट नावाचे जनुक बिघडलेले असते आणि वाढीचा संदेश देणारे त्याचे प्रथिन सतत चालूच राहते. त्या प्रथिनाला रोखू शकणारे इमॅटिनिब हे औषध रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार होत होते. २००० साली फिनलंडमध्ये जिस्टच्या एका रुग्णाला ते देऊन पाहिले आणि पसरलेल्या गाठी आक्रसल्या. नेहमीच्या केमोथेरपीला दाद न देणारा हा रोग आता पुष्कळ रुग्णांत वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवता येतो. या गाठी 'स्नायूच्या' कप्प्यातच राहिल्या असत्या, तर हे औषध कोणाला द्यायचे ते कळलेच नसते.

आपल्या दोन रुग्णांचेही पाहा. पहिल्याची गाठ साध्या शस्त्रक्रियेने निघते किंवा नुसती लक्ष ठेवूनही चालते. हात सुरक्षित. दुसरीची गाठ भोवतालच्या निरोगी ऊतीच्या थरासह काढावी लागते आणि बहुधा किरणोपचारही द्यावे लागतात. पूर्वी अशा वेळी पाय कापत. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ४३ रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. अवयव वाचवणारी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार घेतलेले रुग्ण अवयव कापलेल्यांइतकेच जगले. तेव्हापासून हातपाय वाचवण्याकडे कल वाढला. पण त्यासाठी निदान आधी हवे. साधी गाठ समजून ती घाईने खरवडून काढली, तर पेशी आसपास सांडतात आणि नंतरची शस्त्रक्रिया अधिक मोठी करावी लागते.

शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे

शाळेत मुले खेळताना पडतात, टेंगळे येतात, जातात. प्रत्येक गाठीला घाबरण्याचे कारण नाही. मात्र गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असेल, वाढत असेल, स्नायूंच्या आत खोल असेल, किंवा एकदा काढून पुन्हा आली असेल, तर ती दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवावी. 'दुखत नाही ना, मग राहू दे' हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोलले जाते. ते बोलण्यापूर्वी मांडीतली ती गप्प गाठ आठवावी. चोळणे, शेकणे, लेप लावणे यांत महिने घालवू नयेत.

तुकडा तपासायला जाताना सोबतच्या कागदावर रुग्णाचे वय, गाठीची जागा, खोली, आकार आणि ती किती दिवसांची आहे, हे लिहिलेले असावे. नुसते 'गाठ' एवढेच लिहिले असेल, तर प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाचे काम निम्म्याने अवघड होते. तपासणीनंतर उरलेला मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घेऊन जपून ठेवाव्यात. सार्कोमा दुर्मीळ असल्याने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे लागते, आणि त्यासाठी हा ठोकळा अहवालाच्या कागदापेक्षा मोलाचा असतो. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तिथे विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांची पायाभरणी केली. अशा संस्थांत एकाच छताखाली अनेक दुर्मीळ गाठी पाहिल्या जात असल्याने तिथल्या नजरेला वेगळे महत्त्व असते.

पुन्हा फळ्याकडे वळू. वर्गात बटणे, पाने किंवा बिया यांचा ढीग द्यावा आणि दोन गटांना वेगवेगळ्या निकषांनी वर्गीकरण करायला सांगावे. एकाला रंगाने, दुसऱ्याला आकाराने. मग विचारावे, कोणाचे बरोबर? थोडी वादावादी झाल्यावर आपला प्रश्न पुढे ठेवावा: कशासाठी वर्गीकरण केले होते? बटण शर्टाला लावायचे असेल, तर त्याची भोके आणि व्यास महत्त्वाचे. माळ करायची असेल, तर रंग. गाठीच्या बाबतीत हेतू ठरलेला आहे. ही गाठ पुढे काय करील आणि तिच्यावर काय करावे, हे ज्या निकषाने सांगता येईल तो निकष चांगला. नजर, मग प्रतिपिंड, मग जनुके, अशी साधने बदलत गेली आणि प्रत्येक वेळी काही नावे पुसून नवी लिहावी लागली. तीस-चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिलेले नाव पुसताना या शास्त्राला कमीपणा वाटला नाही. "हे गट पाडून मिळते काय?" असे विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला आता सांगता येईल, की एका तरुणाला त्यातून त्याचा हात मिळाला आणि एका तरुणीला वेळेवर उपचार.